प्रोटीन खाली बसतंय? बफर ठरवताना या चुका टाळा

प्युरिफिकेशन झकास, जेलवर एकच बँड, आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून ट्यूब काढावी तर तळाशी पांढरा साका. मग सगळे म्हणणार प्रोटीनच नाजूक आहे! बऱ्याचदा प्रोटीन बिचारं ठीक असतं, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) मात्र दुसऱ्याच कुठल्या प्रोटीनच्या प्रोटोकॉलमधून उचललेला असतो.

आधी पीआय काढा, म्हणजे ज्या पीएचला प्रोटीनचा एकूण चार्ज शून्य होतो तो आकडा. प्रोटपॅराम या ऑनलाइन टूलमध्ये सिक्वेन्स टाकला की लगेच मिळतो, पण टॅगसकट (प्युरिफिकेशनसाठी जोडलेल्या तुकड्यासकट) टाका, कारण टॅग कापला की पीआय सरकतो. पीएच पीआयच्या जवळ गेला की एकूण चार्ज शून्याकडे जातो, रेणू एकमेकांना ढकलत नाहीत आणि चिकटायला लागतात. निदान एक युनिट तरी लांब रहा.

आता ट्रिस या नेहमीच्या बफरची गंमत बघा. 25 अंशांना पीएच 8.0 सेट केलेला ट्रिस 4 अंशांना जवळपास 8.6 होतो. म्हणजे पीआय 9 असेल तर टेबलावर तुम्ही एक युनिट लांब होता आणि कोल्ड रूममध्ये अर्ध्याहून कमी, आणि तुम्हाला पत्ताच नाही. जिथे काम करणार त्याच तापमानाला पीएच सेट करा, नाहीतर सरळ हेपीस हा दुसरा बफर घ्या, तो बराच कमी सरकतो.

सोडियम फॉस्फेटमध्ये फ्रीझ करणं तर नकोच. गोठताना डायसोडियम मीठ आधी क्रिस्टल होऊन बाहेर पडतं आणि उरलेल्या द्रवाचा पीएच 7 वरून पार 4 च्या आसपास घसरू शकतो. फ्रीझ करायचंच तर छोटे अ‍ॅलिकॉट (वाटे) करून लिक्विड नायट्रोजनमध्ये टाका.

डीटीटी (प्रोटीनचं ऑक्सिडेशन रोखणारं रिड्यूसिंग एजंट) घातलं म्हणजे आठवडाभर निश्चिंत, हाही गैरसमज. पीएच 8.5 आणि 20 अंशांना त्याचं अर्धं आयुष्य जेमतेम दीड तास आहे. त्याच कामाचं टीसीईपी जास्त टिकतं, पण न्यूट्रल फॉस्फेट बफरमध्ये तेही नीट टिकत नाही. आणि झिंकवालं प्रोटीन असेल तर सवयीने ईडीटीए (धातूचे आयन पकडणारं रसायन) ओतू नका, तो झिंकच ओढून नेईल.

बफर स्क्रीनिंगला सायप्रो ऑरेंज हा डाय घालून थर्मल शिफ्ट करा, म्हणजे तापवत नेऊन प्रोटीन कुठे उलगडतं ते डायच्या चमकेवरून बघा, क्यूपीसीआर मशीनवर 96 कंडिशन एका रनमध्ये होतात. फक्त डिटर्जंट असेल तर डाय त्यालाच चिकटून सुरुवातीपासून चमकतो, तो कर्व्ह वाचत बसू नका. आणि टीएम (ज्या तापमानाला अर्धं प्रोटीन उलगडतं ते) 3 अंश वाढला म्हणून नाचायचं नाही, टीएम उलगडण्याबद्दल सांगतो, साका बसेल की नाही ते नाही. त्यासाठी सगळ्यात चांगल्या ठरलेल्या चार-पाच कंडिशन रात्रभर 4 अंशांना ठेवा, सकाळी फुल स्पीडला स्पिन करून वरच्या द्रवाचं 280 घ्या (280 नॅनोमीटरचं अ‍ॅब्झॉर्बन्स, त्यावरून प्रोटीन किती ते कळतं), आदल्या दिवशीच्या आकड्याशी ताडून बघा. स्पिन न करता घेतलेलं 280 गढूळपणामुळे फुगतं, 350 ला रीडिंग आलं की समजा काहीतरी तरंगतंय.

बफर जमला तरी कॉन्सन्ट्रेटरमध्ये (मेम्ब्रेनमधून द्रव गाळून प्रोटीन दाट करणाऱ्या ट्यूबमध्ये) घात होतोच, कारण मेम्ब्रेनजवळ प्रोटीन बाकी ट्यूबपेक्षा कितीतरी दाट होतं. दर पाच मिनिटांनी थांबवून पिपेटने हलक्या हाताने ढवळा, 10 टक्के ग्लिसरॉल असेल तर वेळ जास्त लागणार हे धरून चाला, उगाच स्पीड वाढवू नका.