दोघांचा पगार, एक घर आणि त्याच त्या चुका

पतसंस्थेच्या काउंटरवर एकवीस वर्षं काढली. आता निवृत्त आहे, तरी कोथरूडच्या आमच्या सोसायटीतली नवी जोडपी हिशोबाची अडचण घेऊन माझ्याकडेच येतात. तक्रार एकच असते: "काकू, दोघं कमावतो, उधळपट्टी काही नाही, तरी वीस तारखेनंतर खात्यात खडखडाट." मग मोबाइलवर रंगीत तक्ता दाखवतात. ५० टक्के गरजा, ३० टक्के हौस, २० टक्के बचत. मी विचारते, गेल्या महिन्यात किराणा किती झाला? दोघं एकमेकांकडे बघतात.

ही पहिली चूक. खर्च माहीत नसताना टक्केवारी ठरवायची नाही. तीन महिने नुसतं लिहा, एक रुपयाही कमी करू नका. एवढाही धीर नसेल तर माझ्याकडे येऊ नका, मला भाजी निवडायची असते.

आता माझ्या जिव्हाळ्याची चूक: वर्षातून एकदा येणारा खर्च 'अचानक' आला म्हणणं. मिळकतकर, म्हणजे घरपट्टी, अचानक येते? गाडीचा विमा अचानक संपतो? त्याची तारीख पॉलिसीवर छापलेली असते.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, पोळल्यामुळे सांगते. २००३ चा जून. मुलगी पहिलीत गेली, तिची फी आणि गणवेश. ह्यांच्या स्कूटरचा विमा. माझा आयुर्विम्याचा वार्षिक हप्ता. मिळकतकर. त्यात पहिल्याच पावसात गॅलरीचं छत गळायला लागलं. महिन्याचा हिशोब आमचा चोख असायचा, दुधाचे आणि बाईचे खाडेसुद्धा कॅलेंडरवर. पण जूनची ही पाच भुतं कुठेच लिहिलेली नव्हती. शेवटी आरडी, म्हणजे दरमहा भरायची ठेव, मुदतीआधी मोडली. ज्या काउंटरवर बसून मी लोकांना "मोडू नका हो, चारच महिने राहिलेत" असं सांगायची, त्याच काउंटरवर पलीकडच्या बाजूला उभं राहून अर्ज दिला. सहकारिणीने शिक्का मारताना वर बघितलं नाही. ते तिचं मोठेपण. मला मात्र तो शिक्क्याचा आवाज आजही आठवतो.

तेव्हापासून ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असतो. बारा ओळी, बारा महिने. भाचा बाणेरला राहतो, त्याच्याकडूनही तोच कागद करून घेतला. त्याचे आकडे असे निघाले: मिळकतकर १४,००० रुपये, आरोग्य विमा २८,०००, दोन गाड्यांचा विमा ९,००० आणि सर्व्हिसिंग ६,०००, सोसायटीचा देखभाल खर्च तिमाहीला ७,५०० म्हणजे वर्षाचे ३०,०००, दिवाळी २५,०००, लग्नामुंजींचे आहेर आणि गावच्या फेऱ्या १४,०००. बेरीज १,२६,०००. भागिले बारा, महिन्याला साडेदहा हजार. दोघांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. वीस तारखेनंतर खात्यातून नाहीसे होणारे पैसे ते हेच.

एवढी रक्कम पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या खात्यात टाकायची. त्या खात्याचं कार्ड घेऊ नका आणि ते यूपीआयला जोडू नका. बँकेत जायचा कंटाळा हीच त्या पैशांची राखण. हाताशी पैसे असले की मिळकतकरही मुदतीत भरला जातो. पुणे महापालिका वेळेत पूर्ण भरणाऱ्याला सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के सूट देते, थकवलं तर दरमहा २ टक्के शास्ती लावते. आणि स्वतःच्या घरात राहत असूनही ४० टक्क्यांची सवलत बिलात दिसत नसेल, तर पीटी-३ अर्जाची चौकशी करा.

दुसरी लाडकी चूक: "तू भरलंस ना?"

त्याच भाच्याच्या घरची गोष्ट. मे महिना, रात्री दहाला फोन. "मावशी, आमच्याकडेच लाइट नाही, बाकी सगळ्या बिल्डिंगमध्ये आहे." विजेचं बिल दोन महिने भरलेलंच नव्हतं. त्याला वाटलं तिने भरलं, तिला वाटलं त्याच्या खात्यातून आपोआप जातं. नोटीस आली होती, वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. पण ती वॉचमनच्या केबिनमध्ये पिझ्झाच्या जाहिरातींखाली पडलेली, आणि मेसेज जात होते आधीच्या घरमालकाच्या नंबरवर. फ्रीजरमध्ये तिच्या आईने रत्नागिरीहून पाठवलेला आमरस, सकाळपर्यंत पाणी पाणी. पैसे नव्हते का? दोघांच्या खात्यात मिळून लाखभर पडून होते.

यावर 'पाळीपाळीने भरू' हा उपाय मुळीच करू नका. पाळी कोणाची, यावरच पुढचं भांडण होतं. आमच्याकडे सगळी बिलं मी भरते आणि दहा तारखेला हे तपासतात. नेहमी एकाने भरायचं, दुसऱ्याने बघायचं. पहिल्या रविवारी सकाळच्या चहाला अर्धा तास, मोबाइल पालथे. रात्री नऊनंतर पैशाचा विषय आमच्या घरात बंद. दमलेली माणसं हिशोब करत नाहीत, उणीदुणी काढतात.

बाकीच्या चुका पटापट सांगते. क्रेडिट कार्डाची 'किमान रक्कम' भरून सुटलो असं समजू नका. उरलेल्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. 'नो कॉस्ट ईएमआय'वरही प्रोसेसिंग फी आणि जीएसटी निघतोच, बारीक अक्षरं वाचा. एप्रिलचा पगार धरून वर्षाचं बजेट मांडू नका. जुन्या करप्रणालीत असाल आणि गुंतवणुकीचे पुरावे वेळेत दिले नाहीत, तर जानेवारी ते मार्च टीडीएस, म्हणजे पगारातूनच जाणारा आयकर, कापून हातात चिंधी येते. आईवडिलांना पैसे पाठवता ना, मग उघड पाठवा.

स्वस्त म्हणून दोघांसाठी मार्केट यार्डातून पाच किलो टोमॅटो आणणाऱ्यांचं काय करावं कळत नाही. तिसऱ्या दिवशी सुरकुत्या, पाचव्या दिवशी पिशवीच्या तळाशी पाणी आणि चिलटं. कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून अर्धा किलो महागात घेतलेला टोमॅटो शेवटी स्वस्त पडतो.

आणि चहाचे दहा रुपये मोजू नका. दोघांनी महिन्याला सारखी रक्कम स्वतःसाठी काढायची, तिचा हिशोब कोणी कोणाला मागायचा नाही. मी बरेच जण बघितले, विम्याचा हप्ता विसरतात आणि बायकोच्या कानातल्यांवर तासभर बोलतात.

राहिला 'इतर' नावाचा रकाना. तो ठेवूच नका. भाच्याच्या वहीत एका महिन्यात 'इतर' अकरा हजार होता, घराच्या किराण्यापेक्षा जास्त. आमच्या वहीतून मी तो केव्हाच काढला, तरी हे कोपऱ्यात पेन्सिलीने 'इ.' लिहितात. गेल्या महिन्यात 'इ. ६४०'. विचारलं तर म्हणाले, चितळ्यांकडे गेलो होतो. बाकरवडी काही घरी आली नाही.