थंडीत खुराडं उबदार कसं ठेवाल?

निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा कधीकधी ५ अंशांखाली जातो. मोठी कोंबडी पिसं फुलवून एवढी थंडी काढते. तिला बाधतो तो ओलावा आणि थेट अंगावर येणारा वारा. म्हणून खुराडं गच्च बंद करू नका. वाऱ्याच्या बाजूने गोणपाट खालून वर बांधा आणि छताखाली फूटभर फट मोकळी सोडा. तिथून दमट हवा आणि विष्ठेचा अमोनिया बाहेर पडतो. सकाळी आत शिरताच डोळे चुरचुरले, तर फट कमी पडतेय.

खाली भाताचं कोरडं तूस ४ इंच पसरा, दोन दिवसांआड हलवा. मूठभर तूस दाबून बघा: मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ते बदलायला झालं. संध्याकाळी थोडा मका भरडा घाला, सकाळी कोमट पाणी द्या.

खरी काळजी पिल्लांची. पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी करा. ५० पिल्लांना ६० वॉटचे दोन साधे पिवळे बल्ब लावा. एक उडाला तरी दुसरा चालू राहतो. एलईडी उजेड देतो, ऊब नाही! पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली तर बल्ब खाली घ्या, नाहीतर तळातली गुदमरतात. चोच उघडून कडेला पळाली तर वर करा. कोळशाची शेगडी बंद खुराड्यात कधीच नको, तिच्या वायूने पिल्लं झोपेतच जातात.