समुद्रकाठी सेप्टिक टँक बांधताय? या चुका टाळा

गणपतीत घर चाकरमान्यांनी भरतं, संडास तुंबतो आणि सगळे म्हणतात, टाकी भरली. कोकण किनाऱ्यावर बऱ्याचदा टाकी नव्हे, जमीन भरलेली असते. पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, ऐन पावसाळ्यात थोडं खणलं तरी पाणी लागतं. मग टाकीतून बाहेर पडणारं पाणी मुरणार कुठे? उपसणारी गाडी बोलावली तर पैसे जातात आणि दोन दिवसांत पुन्हा तेच. त्यात टाकी फायबरची असेल तर रिकामी झाल्यावर भूजलाच्या दाबाने ती वर उचलली जाते, पाइप निखळतात. उपसा दर दोन-तीन वर्षांनी, एप्रिल-मेमध्ये करा. माणूस मात्र टाकीत उतरवू नका. आतल्या वायूने जीव जातो, आणि सुरक्षासाधनांशिवाय माणूस उतरवणं हा हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने गुन्हाही आहे.

"आमची टाकी वीस वर्षं उपसलीच नाही," असं कौतुकाने सांगणारे भेटतात. त्यांच्या टाकीला बहुधा तळच नसतो. चिऱ्याच्या चार भिंती, खाली उघडी जमीन. मैल्याचं पाणी थेट भूजलात. जांभ्याला भेगा आणि पोकळ्या असतात, त्यांतून ते फारसं गाळलं न जाताच विहिरीपर्यंत पोचतं. टाकी वापरात आणण्याआधी पाण्याने भरून एक दिवस ठेवा. पातळी उतरली, तर गळती आहे.

टाकीतून येणारं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्याची चूक याहून महागात पडते. गवंडी सांगतो, खोल खणू, चांगला मुरेल. खोल गेलात की तुम्ही भूजलातच पोचता. आयएस २४७० या भारतीय मानकानुसार मुरवण्याची जागा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर दूर हवी आणि भूजल १८० सेंटिमीटरच्या आत असेल तर शोषखड्डा नको. जमिनीवर भराव टाकून त्यात उथळ चर काढायचा. भूजलाची पातळी मार्चमध्ये नव्हे, जुलै-ऑगस्टमध्ये पाहा. आणि अंतर फक्त आपल्या विहिरीपासून मोजू नका, शेजाऱ्याची विहीर कुंपणाला लागून असते!

घराचं होमस्टे केलं, खोल्या वाढवल्या, टाकी तीच. पाच माणसं माणशी १०० लिटर वापरतात असं धरलं, तर १,५०० लिटरच्या टाकीत पाणी तीन दिवस थांबतं. नाताळात वीस माणसं आली की एक दिवसही नाही. गाळ बसायला वेळच मिळत नाही, तो शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा कायमचा बुजतो. निदान न्हाणीचं पाणी वेगळं काढून माडा-केळींच्या आळ्यांत सोडा. स्वयंपाकघराच्या पाण्याला आधी तेल अडवणारी कुंडी हवी. मासळीचं घर असेल तर हवीच. पागोळ्यांचं पाणी टाकीत? अजिबात नाही. ॲसिड आणि फिनेलही बेताने, टाकीतले जंतू मरतात.

विहिरीच्या पाण्याचा संशय आला की लोक जलसुरक्षकाला, म्हणजे गावचं पाणी पाहणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसाला, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायला सांगतात. त्याने जंतू मरतात, गळती चालूच राहते. ग्रामपंचायतीत पाणी तपासायची एच-टू-एसची बाटली मिळते का विचारा. विहिरीचं पाणी भरून ठेवल्यावर २४ ते ४८ तासांत ती काळी पडली, तर पाण्यात मैला मिसळत असल्याची दाट शक्यता. ही तपासणी टीसीएल टाकण्याआधी करा, आणि पावसाळ्यात करा.