डार्क अँड डार्कर: क्लास निवडताना आधी सुटकेचा विचार

डार्क अँड डार्कर या तळघरात उतरून ऐवज गोळा करायच्या गेममध्ये नवीन गडी क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, निवडतो तो कुऱ्हाडीचा आकार बघून. आयर्नमेस या कोरियन कंपनीचा हा गेम ऑगस्ट 2023मध्ये अर्ली ॲक्सेसला (पूर्ण होण्याआधीच खेळायला) आला, आणि यात मेलात की अंगावरचं, पिशवीतलं सगळं गेलं. निळ्या पोर्टलमधून बाहेर पडलात तरच कमाई तुमची. लाल पोर्टल आणखी खाली नेतं. म्हणून आधी एकच बघायचं: पिशवी भरली आणि समोरून तिघं आले, तर हा क्लास सुटणार कसा?

सुरुवात फायटरनेच करा. जड चिलखत, ढाल, वेळ पडली तर धनुष्यही चालतं. पळायला स्प्रिंट आणि रक्त भरायला सेकंड विंड, दोन्ही स्किल (गरजेच्या वेळी वापरायची कसबं) घ्या. एक मात्र ध्यानात ठेवा, जड चिलखताने चाल मंदावते. लोखंड चढवून धनुष्यवाल्या रेंजरच्या मागे पळायचं म्हणजे उसाची ट्रॉली घेऊन मोटरसायकल गाठायची. दाराआड थांबा, त्याला जवळ येऊ द्या.

बार्बेरियन दिसायला सोपा, पण अरुंद बोळात त्याची दोन हाती कुऱ्हाड भिंतीला अडते आणि तेवढ्यात समोरचा दोन वार घालून जातो. तिथे आडवा फटका टाळा, वरून खाली येणारा वापरा. रेज हे रागाचं स्किल लावलं की ताकद आणि वेग वाढतो, बचाव मात्र घटतो. त्यामुळे मार खाताना रेज लावू नका.

विझार्डचे, म्हणजे जादूगाराचे, सगळ्यात जास्त डाव तळघरात नाही, तयारीच्या स्क्रीनवरच हरले जातात. आधी स्किलच्या एका जागी स्पेल मेमरी ठेवायची, मग तिच्यात मंत्र भरायचे. किती मंत्र पेलतील ते पात्राच्या नॉलेज या आकड्यावर ठरतं. भार जास्त झाला तर काही मंत्र यादीत दिसतात, पण चालत नाहीत. हातात काठी, मंत्रपुस्तक किंवा क्रिस्टल बॉल हवाच. दुसऱ्या स्किलच्या जागी वापरलेले मंत्र परत भरणारं मेडिटेशन घ्या, कारण प्रत्येक मंत्राचे वापर मोजके असतात. सुटकेसाठी वेग वाढवणारा हेस्ट आणि अदृश्य करणारी इनव्हिजिबिलिटी नेहमी जवळ. आणि फायरबॉल! इथे आपल्याच माणसालाही मार लागतो. फायटर दारात झुंजतोय आणि मागून फायरबॉल टाकला, तर "लगा, कुणाच्या बाजूनं हायस?" हे हेडफोनमध्ये ऐकायची तयारी ठेवा.

विश्रामबाग, मिरज आणि तासगाव अशा तीन घरांतून तिघं एकत्र उतरत असाल, तर साथीदारांना बरं करणारा एक क्लेरिक असू द्या. प्रोटेक्शन (बचावाचा) आणि हील (बरं करायचा) हे मंत्र साथीदारावर नेम धरूनच टाकावे लागतात. तो उड्या मारत असेल तर नेम हुकतो. त्याला "थांब" म्हणायची सवय लावा. मुडद्यांच्या खोल्यांत क्लेरिकचे पवित्र मंत्र चांगले चालतात.

रोग (Rogue, चोरट्या चालीचा क्लास) याचं रक्त कमी; समोरासमोर भिडला की संपला. क्रीप पर्क (पर्क म्हणजे पात्राला कायम लागू राहणारा गुण) घेऊन वाकून चाला, पावलांचा आवाज दबतो. मशाल हातात घेऊन दबकत चालणारे रोग रोज दिसतात, त्यांना काय म्हणायचं! काळी जादू करणाऱ्या वॉरलॉकचे मंत्र स्वतःचं रक्त खातात. बार्ड या गवयाला वाद्य लागतं आणि त्याचं संगीत शेजारच्या खोलीलाही ऐकू जातं. प्राण्याचं रूप घेणारा ड्रुइड उंदीर होऊन बारीक फटीतून निसटतो, पण रूपं बदलायची सवय लागेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका.

पर्कची पहिली जागा सुरुवातीलाच मिळते, पुढच्या लेव्हल 5, 10 आणि 15ला. लेव्हल प्रत्येक पात्राची वेगळी, त्यामुळे रोज क्लास बदलला तर कुठलंच पात्र धड तयार होत नाही.

वळवाच्या दिवसांत आणखी एक काम करा, राउटर इन्व्हर्टरवर घ्या. लाईट गेली म्हणून तळघरातले शत्रू थांबत नाहीत.