शंख-शिंपले शत्रूपासून कसे वाचतात, ते ओहोटीला जाऊन कसं बघायचं

बऱ्याच जणांना वाटतं की हे सगळं बघायला स्कुबा डायव्हिंग वगैरे करावं लागतं, पण काही गरज नाही. खडप म्हणजे खडकाळ पट्टा असलेला किनारा, चांगली ओहोटी आणि मान खाली घालून दोनेक तास फिरायची तयारी एवढं पुरतं. मुंबईत असाल तर बँडस्टँड, अलिबागला कुलाबा किल्ल्याच्या आजूबाजूचा खडक, आणि मालवणकडे असाल तर विचारायलाच नको. फक्त हल्ला डोळ्यासमोर होईल या आशेवर जाऊ नका, तो बहुतेक वेळा पाण्याखाली नाहीतर वाळूच्या आत होतो. आपल्याला बघायचेत ते पुरावे, कोण वाचलं, कोण खाल्लं गेलं आणि कशामुळे.

आधी तिथी बघा. अमावस्या किंवा पौर्णिमा झाल्यावरचे दोन-तीन दिवस बेस्ट, कारण उधाणाला पाणी जसं जास्त चढतं तसंच जास्त मागेही जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी असतो, तेव्हा गेलात तर खालचा खडक उघडाच पडणार नाही. वेळेसाठी आपल्याकडचा जुना हिशोब आहेच, तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ, आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, तर सकाळी साडेसात-पावणेआठला पाणी सगळ्यात खाली. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो म्हणून मोबाइलवर टाइड टेबलही चेक करा, आणि पाणी पूर्ण खाली जायच्या तासभर आधीच पोचा, म्हणजे उतरत्या पाण्यामागे जाता येतं आणि पाणी वळलं की परत फिरता येतं. कुलाबा किल्ल्याकडे तर हे फारच सांभाळा, भरती सुरू झाली की वाट बंद होते. पावसाळ्यात जाऊच नका.

पायात ग्रिपवाले जुने बूट घाला. चप्पल नको, कालवांच्या कडा ब्लेडच्या धारेच्या असतात आणि शेवाळावर चप्पल सटकतेच. एक छोटं भिंग घ्या, फोटोत साइज कळायला एक नाणं घ्या, बास.

आता किनाऱ्यावर पोचल्यावर लगेच खडपाकडे धावू नका, आधी वाळूत भरतीच्या रेषेला पडलेले रिकामे शिंपले उचला. माझ्या मते खरी मजा इथेच आहे आणि लोक नेमकं हेच तुडवत पुढे जातात. शिंपल्याच्या बिजागरीजवळ, जिथे तो टोकदार होतो तिथे, एखादं गोल भोक दिसतं का बघा. भोक अगदी नीट गोल असेल आणि बाहेरून रुंद, आत अरुंद, म्हणजे सुतार स्क्रूचं डोकं बसवायला पाडतो तसं उतरतं असेल, तर ते नॅटिका नावाच्या गोगलगायीचं काम. ती वाळूत शिरून शिंपल्याला आपल्या भल्यामोठ्या पायात गुंडाळते, आम्ल सोडून कवच मऊ करते आणि खरखरीत जिभेने घासत जाते, तासन् तास हे चालतं. भोक सरळ भिंतीचं असेल तर बहुतेक खडकावरच्या म्युरेक्सच्या कुळातल्या शंखाचं. आता भिंगातून बघा, एखाद्यावर अर्धवट खड्डा सापडेल, आरपार न गेलेला. तो शिंपला त्या वेळी वाचलेला! कवच जाड होतं म्हणून असेल किंवा मध्येच कोणी डिस्टर्ब केलं म्हणून, पण वाचला. असा एखादा सापडेपर्यंत शोधाच.

फसू नका मात्र. कवचभर टाचणीने टोचल्यासारखी बारीक बारीक भोकं असतील तर तो कवच पोखरणारा स्पंज असतो, त्याला आतलं मांस खायचं नसतं, राहायला जागा हवी असते. आणि कडा वेड्यावाकड्या झिजलेल्या असतील तर ती लाटांची करामत.

शंखांवर दुसरी खूण शोधा. वाढीच्या रेषा समांतर जात असतात आणि मध्येच एखादी तुटक वेडीवाकडी रेघ येते, पुढे रंगाची नक्षी जुळतच नाही. तिथे खेकड्याने नांगीने तोंडाकडची कड तोडलेली असते, प्राणी आत खोल सरकून वाचलेला असतो आणि मग त्याने कवच परत बांधलेलं असतं. कलापा जातीच्या खेकड्याच्या उजव्या नांगीला तर शंखाची कड सोलत जायला खास दात असतो. आता समजेल की काही शंखांचं तोंड एवढं अरुंद आणि आतून दातेरी का असतं. कवडी उलटी करून बघा, नुसती चीर, नांगी घालणार कुठे? काही शंखांना तोंड बंद करायला झाकण असतं, कवडीला तेही नसतं, तिचं सगळं भागतं ते त्या चिरेवर आणि जाड कवचावर.

मग खडपावर जा, आणि वरून खाली जा, उलटं नको. अगदी वर, जिथे फक्त तुषार पोचतात, तिथे फटीफटीत बारके शंख चिकटलेले दिसतील. यांचा बचाव म्हणजे पत्ता, इतक्या कोरड्यात मासे आणि बरेचसे शिकारी शंख येऊच शकत नाहीत, ऊन मात्र सोसावं लागतं. थोडं खाली काळे गोलसर नेराइट नावाचे शंख दिसतील. एक अलगद उचला आणि तोंड बघा, चुन्याचं कडक झाकण इतकं फिट बसतं की नखही जात नाही. त्याच झाकणाआड ओलावाही टिकतो, म्हणजे एका झाकणात दोन कामं. बघून झालं की होता तिथेच ठेवा.

टोपीसारखे लिंपेट नावाचे शंख मात्र उपटायचे नाहीत, प्लीज. त्यातल्या कित्येकांची खडकावर ठरलेली जागा असते, चरून परत तिथेच येतात, आणि कवचाची कड त्या खडकाच्या उंचसखलपणाप्रमाणे वाढलेली असते. दुसरीकडे ठेवलात तर कड नीट टेकत नाही, मग सुकून मरतो नाहीतर कोणीतरी खातं. डबक्यात पाण्याखाली एखादा किंचित उचललेला दिसला तर गवताच्या काडीने हळूच स्पर्श करा. एका क्षणात खाली बसतो, आणि मग तुम्ही बोटाने ढकलून बघा, हलतो का ते.

कालवं तर खडकाला सिमेंट केल्यासारखी, पळायचा ऑप्शनच नाही. कोयती घेऊन कालवं काढणाऱ्या बायका दिसल्या तर थोडा वेळ थांबून बघा, विचारलं तर बऱ्याचदा दाखवतातही. शिंपल्याची बिजागरी स्प्रिंगसारखी सतत उघडायलाच बघत असते आणि आतला स्नायू तिला बंद धरून ठेवतो, तोही फार ताकद न खर्चता तासन् तास. तो स्नायू कापला की खेळ खलास, म्हणून मेलेला शिंपला सहसा आ वासलेला असतो. तारामासा नेमका इथेच चिवटपणा करतो, पायांनी ओढत राहतो, आणि केसाएवढी फट पडली की आपलं पोटच बाहेर काढून आत घालतो.

शिनाणे म्हणजे मसल्स नावाचे हिरवे-काळे शिंपले धाग्यांनी खडकाला बांधलेले दिसतील. यांच्या युरोपातल्या भाऊबंदांबद्दल एक भन्नाट गोष्ट, भोक पाडायला आलेल्या शंखालाच ते याच धाग्यांनी बांधून टाकतात आणि तो तिथेच अडकून उपाशी मरतो. अमेरिकेत तर याहून कमाल झाली. १९८८ साली न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आशियातला एक खेकडा पहिल्यांदा दिसला, आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की जिथे तो पोचलाय तिथले मसल्स त्याचा नुसता वास पाण्यात आला तरी कवच जाड करतात, आणि उत्तरेला जिथे तो पोचलेला नव्हता तिथले करत नाहीत. उत्क्रांतीच्या मानाने पंधराएक वर्षं म्हणजे काहीच नाही.

खेकड्यांचं थोडक्यात. पाय धरला गेला तर ठरलेल्या सांध्यातून तो सोडून पळतात, पुढच्या कातींमध्ये नवा येतो. पण एक नांगी मोठी एक पिटुकली असलेला दिसला तर पिटुकली नव्याने येतेय असा लगेच निष्कर्ष काढू नका, काही जातींत ते तसंच असतं, पण पायाच्या जागी मऊ कोंब दिसला तर नक्की.

आणि हात न लावायचा एकच नियम: कोनाच्या आकाराचा शंख जिवंत असेल, किंवा शंका जरी असेल, तर उचलू नका. कोन शंख विषारी दात भाल्यासारखा मारतो, आणि मोठ्या जातींच्या विषाने माणसं मेलेली आहेत. एकटं जायची भीती वाटत असेल तर मुंबईत २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबईवाले किनाऱ्यावर वॉक घेतात, त्यांच्याबरोबर जा.

किनारा लांब असेल तर बाजारातून जिवंत तिसऱ्या (खायचे छोटे शिंपले) आणा. नळाचं पाणी रात्रभर ठेवून त्यात लिटरला साधारण ३० ग्रॅम खडे मीठ घाला, पसरट भांड्यात तिसऱ्या ठेवा आणि भांडं न हलवता लांब बसा. थोड्या वेळाने फट उघडेल, दोन नळ्या बाहेर येतील. आता भांड्यावर नुसती हाताची सावली पाडा, काही मिटतील, काही दाद देणार नाहीत, मग टिचकी मारा, सगळ्या फटाफट बंद. जी टिचकीनेही मिटत नाही ती मेलेली, ती फेकून द्या, बाकीच्यांचं सुकं करा.