रोजच्या दागिन्यात लाल गार्नेट बसवावं की जांभळा ॲमेथिस्ट?

अंगठी असेल तर गार्नेट. कानातलं किंवा पेंडंट असेल तर ॲमेथिस्ट. साध्या दर्जात दोन्ही खडे काही शे रुपये कॅरेटने (कॅरेट म्हणजे खड्याच्या वजनाचं माप) मिळतात, त्यामुळे निवड किमतीवर अडत नाही. खडा अंगावर नेमका कुठे बसणार, यावर ती ठरते.

कारण पुण्यात हात म्हणजे दुचाकीचं हँडल. तोंडाला स्कार्फ, अंगात सनकोट, आणि हाताची बोटं मात्र तास-दीड तास उन्हात. ॲमेथिस्ट हा क्वार्ट्झ या खनिजाचाच प्रकार; त्याचा जांभळा रंग त्यातल्या लोहाच्या अंशामुळे आणि जमिनीतल्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे येतो. काही खड्यांमध्ये तो सततच्या उन्हाने फिका पडत जातो. एका उन्हाळ्यात कळणार नाही; पण दोन कानांतले खडे जोडीने घेतले आणि एक अंगठीत बसवला, तर काही वर्षांनी फरक दिसू शकतो. लाल गार्नेटचा रंग उन्हाने उडत नाही.

दुसरी गोष्ट धूळ. कठीणपणाच्या मोहस् मापावर ॲमेथिस्ट ७, लाल गार्नेट ७ ते ७.५. अर्ध्या अंकाचा फरक किरकोळ वाटेल, पण रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि तेही ७ च. म्हणजे ॲमेथिस्टवर त्याच्याच जातीची धूळ घासली जाते. आधी पैलूंच्या कडा बोथट होतात, मग वरचा सपाट पैलू धुरकट दिसायला लागतो. धूळ बसलेला खडा कोरड्या ओढणीने पुसणं हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. आधी पाणी, मग कापड. हा नियम गार्नेटलाही लागू आहे, फक्त ते थोडं जास्त सोसतं.

मात्र गार्नेटची खोड वेगळी आहे. खडा मोठा झाला की काळा दिसतो. दुकानातल्या पिवळ्या स्पॉटलाइटखाली ८ मिमीचा खडा निखाऱ्यासारखा पेटलेला दिसेल. घरी आणून ट्यूबलाइटखाली धरलात तर कोळसा. म्हणून अंगठीसाठी ४ ते ६ मिमीचा, फार खोल न कापलेला खडा घ्या. मोठाच लाल दागिना हवा असेल तर एका मोठ्या खड्याऐवजी ४ मिमीचे तीन ओळीत बसवा. ॲमेथिस्टचं उलट आहे. तो १० मिमीलाही पारदर्शक राहतो आणि लहान मापात फिकट, ओळखहीन वाटतो. पेंडंटला तो शोभतो तो यामुळेच.

लक्ष्मी रोडवर किंवा सोन्या मारुती चौकाजवळच्या पेढीत गेलात तर खडा दारापाशी, उजेडात नेऊन बघायला मागा. पांढऱ्या कागदावर पालथा ठेवा, म्हणजे सपाट पैलू खाली. ॲमेथिस्टमध्ये जांभळा रंग पट्ट्यापट्ट्यांनी आलेला असतो. पट्टा मधोमध किंवा तळाच्या टोकाशी असेल तर सरळ ठेवल्यावर पूर्ण खडा रंगलेला दिसतो. कडेला असेल तर अर्धा खडा पांढुरका राहतो. गार्नेट कागदावर ठेवल्यावर कडेने लाल झाक दिसली पाहिजे. कडेलाही काळाच असेल तर परत करा, अंगठीत बसल्यावर तो उजळणार नाही.

आता वजन, जिथे गिऱ्हाईक हमखास गोंधळतं. लाल गार्नेट ॲमेथिस्टच्या जवळजवळ दीडपट जड असतं (घनता ३.८ ते ४.२ विरुद्ध २.६५). ७ मिमीचा गोल ॲमेथिस्ट साधारण सव्वा कॅरेट भरतो, त्याच मापाचं गार्नेट पावणेदोनच्या पुढे जातं. त्यामुळे कॅरेटचा भाव सारखा असला तरी त्याच आकाराला गार्नेट महाग पडतं, आणि 'दोन कॅरेटचा खडा द्या' म्हणालात तर लहान मिळतं. म्हणून मागताना मिलिमीटर सांगा, पैसे देताना कॅरेट बघा. रत्तीत भाव सांगत असतील तर ग्रॅममध्ये करून घ्या: सोनाराची जुनी रत्ती सुमारे १२१ मिलिग्रॅम, ग्रहांच्या खड्यांची 'पक्की' रत्ती सुमारे १८०. एक कॅरेट म्हणजे बरोबर २०० मिलिग्रॅम.

ग्रहांवरून आठवलं. ॲमेथिस्ट नीलमचं उपरत्न म्हणून 'जमुनिया' नावाने विकतात, गार्नेट माणकाचं उपरत्न म्हणून. त्या नावाने मागितलंत तर तोच खडा महाग होऊ शकतो. फक्त घालायला हवा असेल तर रंग आणि माप एवढंच बोला.

खरं-खोटं तपासायला गार्नेट सोपं. वाटीत पाणी घ्या, त्यावर थर्माकोलचा लहान तुकडा तरंगू द्या, त्यावर सुटा खडा ठेवा आणि निओडिमियमचं बारीक पण जोरदार चुंबक खड्याच्या अगदी जवळ आणा, टेकवू नका. लाल गार्नेटमध्ये लोह असतं. तुकडा हळूहळू चुंबकाकडे सरकतो. लाल काच आणि माणिक सहसा जागचे हलत नाहीत. पंखा बंद ठेवा, नाहीतर वाऱ्याने सरकलेल्याला तुम्ही अस्सल ठरवाल.

ॲमेथिस्टला असा घरगुती उपाय नाही. १० पट भिंगाखाली गोल बुडबुडे दिसले तर काच, एवढं कळतं. पण प्रयोगशाळेत वाढवलेला ॲमेथिस्ट रासायनिकदृष्ट्या तोच पदार्थ असतो. तो भिंगाने खात्रीने ओळखता येत नाही, आणि लहान खड्याच्या तपासणीचा खर्च खड्यापेक्षा जास्त होऊ शकतो. तेव्हा स्वस्त ॲमेथिस्टला 'नैसर्गिक' म्हणून जादा पैसे मोजू नका. अगदी एकसारखा गडद रंग, पट्टे नाहीत, आत काहीच नाही आणि वर किंमतही कमी, तर शंका घ्या.

कोंदणाकडे या. अंगठीला चार नखांपेक्षा (खडा धरणाऱ्या धातूच्या आकड्यांपेक्षा) चहूबाजूंनी धातूची कड असलेलं कोंदण बरं, चांदीत तर नक्कीच, ९२.५ ची चांदी मऊ असते आणि नखं वाकतात. पण मागची बाजू उघडी ठेवायला सांगा. बंद कोंदणात खड्यामागे चकाकीसाठी वर्ख लावलेला असेल तर हात धुताना पाणी शिरून तो काळवंडतो, आणि आधीच गडद असलेलं गार्नेट विझतं. सोन्यात करायचं तर २२ कॅरेटपेक्षा १८ कॅरेट खडा घट्ट धरतं. बिलात सोन्याचं निव्वळ वजन आणि खड्याचं वजन वेगळं लिहून घ्या. दोन कॅरेटचा खडा ४०० मिलिग्रॅमचा; तो सोन्याच्या भावाने धरला गेला तर खड्याच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे जातील.

अंगठी सैल-घट्ट करायला टाकताना 'खडा काढून मग डाख द्या' असं स्पष्ट सांगा. ज्योतीच्या आचेने ॲमेथिस्ट फिका किंवा पिवळट होतो, आणि तो रंग घरी आणून परत येत नाही. गार्नेट रंग टिकवतं, पण आचेवरून एकदम पाण्यात गेलं की तडकू शकतं.

घरी धुताना कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण किंवा रिठ्याचं पाणी, पाच मिनिटं, मग लहान मुलांचा मऊ ब्रश. ब्रश मागून फिरवा. कणीक, साबण आणि हळद खड्याच्या मागेच साठते आणि लोक चमकतो त्या बाजूनेच घासत बसतात. बोअरचं पाणी येत असेल तर शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याने करा, नाहीतर वाळल्यावर पांढरा थर राहतो. टूथपेस्ट, भांड्यांची पावडर आणि ब्लीच नको. कणीक मळताना आणि भांडी घासताना अंगठी काढून ठेवा.

महिन्यातून एकदा अंगठी कानाशी धरून बोटाने हलकेच टिचकी मारा. कुरकुर ऐकू आली तर खडा सैल आहे. मग ती ओढणीवरून ओढून बघा. धागा अडकला तर नख किंवा कड वर आली आहे. त्या दिवसापासून अंगठी घालू नका, कारागिराकडे न्या.