ओपनस्ट्रीटमॅपवर रस्ता दुरुस्त करताय? या चुका टाळा

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा. त्यावर खातं उघडलेला कुणीही रस्ता बदलू शकतो, आणि तो बदल थेट मूळ डेटात जातो. आधी मंजुरी घ्यायची भानगड नाही. तपासणी होते ती नंतर, आणि बहुतेक वेळा करणारे तुमच्या-आमच्यासारखे हौशीच. म्हणूनच जागेवर अगदी बरोबर असलेला बदलसुद्धा नीट मांडला नाही, तर संशयात सापडतो आणि कधी कधी उलटवलाही जातो.

चेंजसेटच्या (म्हणजे एका वेळी जतन केलेल्या बदलांच्या गठ्ठ्याच्या) टिपणीत ‘अपडेट’ किंवा नुसतं टिंब टाकून मोकळे होणारे बरेच असतात. त्याऐवजी ‘बाजारपेठेतला रस्ता एकेरी केला, फलक प्रत्यक्ष पाहिला’ एवढं लिहिलं तरी तपासणाऱ्याचे निम्मे प्रश्न मिटतात. गूगल मॅप्स बघून नावं उतरवू नका. नाव बरोबर असलं तरी परवान्यात ते बसत नाही, कळलं की काढून टाकतात.

नागपुरातलं वळण आणि सावंतवाडीतला पूल एकाच चेंजसेटमध्ये नको. त्याची चौकट जवळपास अख्ख्या महाराष्ट्रावर पसरते आणि मधल्या जिल्ह्यांवर लक्ष ठेवणाऱ्यांना उगाच तो उघडून पाहावा लागतो. एका चेंजसेटमध्ये 10,000 घटकांचे (बिंदू, रेषा वगैरेंचे) बदल मावतात, पण ती कमाल मर्यादा आहे. तेवढे भरलेच पाहिजेत असं नाही.

सगळ्यात त्रासदायक चूक म्हणजे वाकडा रस्ता पुसून नवा काढणं. दिसायला काम झटपट होतं, पण जुन्या रेषेचा इतिहास तुटतो. शिवाय ती रेषा एखाद्या बसमार्गाच्या किंवा ‘उजवीकडे वळण्यास मनाई’च्या रिलेशनमध्ये (अनेक घटक एकत्र बांधणाऱ्या नोंदीत) असेल, तर तेही मोडतं. तपासणाऱ्याला दिसतं काय, तर एक रस्ता पुसला, एक नवा आला. नेमकं काय सुधारलं, हे त्यानं ओळखायचं कसं? तेव्हा आहे तेच नोड (रेषेचे बिंदू) सरकवा, कमी पडले तर वाढवा.

दुसरी ठसठशीत चूक उड्डाणपुलांवर होते. वरचा रस्ता खालच्याला छेदतो तिथे जोसम या नकाशा-संपादन प्रोग्राममधला व्हॅलिडेटर, म्हणजे चुका शोधणारा भाग, इशारा देतो. इशारा गप्प करायला लोक तिथे सामाईक नोड टाकतात. इशारा जातो खरा, पण मार्ग शोधणारं अ‍ॅप आता गाडीला पुलावरून सरळ खालच्या चौकात वळायला सांगतं! तिथे नोड नकोच. पुलाचा तुकडा वेगळा करून त्याला ‘ब्रिज’ (पूल) आणि ‘लेयर=1’ (एक थर वर) हे टॅग, म्हणजे माहितीची लेबलं, द्यायचे. व्हॅलिडेटर चूक दाखवतो, उपाय तुम्हीच ठरवायचा.

क्रमांकांचं दुखणं आपल्याकडचं खास. 2010 साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. मुंबई-गोवा 17 चा 66 झाला, मुंबई-पुणे-बेंगळुरू मार्गाचा 4 जाऊन 48 आला. लोकांच्या तोंडी अजून जुनेच आहेत, म्हणून कुणीतरी भोळेपणानं ‘रेफ’ या क्रमांकाच्या टॅगमध्ये 17 परत टाकतो. जुन्या क्रमांकासाठी ‘ओल्ड_रेफ’ टॅग आहे, तो वापरा. तसंच रस्ता रुंद झाला म्हणून त्याला थेट ‘ट्रंक’ या मोठ्या महामार्गांच्या वर्गात टाकू नका. वर्ग ठरतो तो रस्त्याच्या जाळ्यातल्या महत्त्वावरून.

दुसऱ्याचा बदल तपासताना ‘ओएसएमचा’ (OSMCha) हे चेंजसेट तपासायचं संकेतस्थळ उघडा. तिथे नवं, बदललेलं आणि पुसलेलं वेगवेगळ्या रंगांत दिसतं. पुसलेल्यापासून सुरुवात करावी असं माझं मत, कारण नुकसान बहुधा तिथेच असतं. केवळ उपग्रहचित्राशी जुळत नाही म्हणून कुणाचा रस्ता सरकवू नका. डोंगराळ भागात चित्रच काही मीटर सरकलेलं असू शकतं. आधी जीपीएसचे माग लावून पाहा.

रस्ता दिसतो पण त्यावरून मार्ग लागत नाही? जवळ जाऊन टोक बघा. रेषा टेकलेली दिसते, पण नोड एक नसतो. तेही ठीक असेल तर एकेरीची दिशा आणि कुणाला जाता येतं हे सांगणारा ‘अ‍ॅक्सेस’ टॅग पाहा. सगळंच बरोबर असेल तर थोडं थांबा, अ‍ॅप नवा डेटा आपापल्या वेळापत्रकानं उचलतात.

आणि शंका आली की बदल उलटवण्याआधी चेंजसेटखाली विचारा: ‘दादा, हा बायपास सुरू झालाय का?’ कित्येकदा झालेला असतो, उपग्रहचित्रच जुनं असतं.